मागें पडलेला सोबती

पुष्कळ जण मिळून एखाद्या कामास निघतात, तेव्हां सर्वांची शक्ति सारखी नसते. कोणी चपळ असतो, कोणी मंद असतो. कोणाचा दम लांब, कोणाचा आखूड. काम सावकाशीचें असेल तर हा भेद झांकून जातो. परंतु तें ठराविक वेळीं पुरें व्हावयाचें असेल तर तो उघडा पडतो, आणि मग पुढें असलेल्यांस असा प्रश्न पडतो कीं, मागच्यासाठीं थांबावें, कीं ज्या हेतूनें निघालों तो साधण्यास चालूं लागावें? हा प्रश्न घरांत, शेतांत, शाळेंत व मंडळींत वारंवार येतो. आज आम्ही तो एका साध्या दाखल्यावरून वाचकांपुढें मांडतों. तो दाखला रात्रीं डोंगर चढून शिखरावरून सूर्योदय पाहण्याचा आहे.

सूर्योदय पाहण्याकरितां रात्रीं डोंगर चढण्याची चाल पुष्कळ देशांत आहे. जपानांतील फूजी पर्वत ३७७६ मीटर उंच आहे. उन्हाळ्यांत हजारों लोक रात्रीं दिवे घेऊन तो चढतात. लंकेंत श्रीपाद नांवाचें शिखर आहे, त्यास आदामाचें शिखर असेंही म्हणतात. त्यावर बौद्ध, हिंदु, मुसलमान व ख्रिस्ती या सर्वांची भक्ति असून, लोक रात्रीं निघून पहांटे वर पोहोंचतात. मिसर देशाच्या सीनाय द्वीपकल्पांत मोशेचा डोंगर म्हणून जो दाखवितात, तो २२८५ मीटर उंच आहे. त्याच्या पायथ्याशीं सहाव्या शतकांत बांधलेला मठ आहे, आणि तेथूनही यात्रेकरू मध्यरात्रीनंतर निघून उजाडण्याच्या सुमारास माथा गांठतात.

परंतु इतक्या दूर जाण्याचें कारण नाहीं. महाराष्ट्रांतील सर्वांत उंच शिखर कळसूबाई हें अहमदनगर जिल्ह्यांत, ज्यास आतां अहिल्यानगर म्हणतात, अकोलें तालुक्यांत आहे. त्याची उंची १६४६ मीटर, म्हणजे सुमारें ५४०० फूट आहे. पायथ्याशीं बारी नांवाचें गांव आहे. माथ्यावर देवीचें लहानसें देऊळ असून नवरात्रांत तेथें यात्रा भरते. वाटेंत जेथें उभे कडे आहेत तेथें लोखंडी शिड्या बसविल्या आहेत. अलीकडे सुटीच्या दिवशीं मुंबई, पुणें व नाशिक येथून तरुणांचे जथे रात्रीं बारीस येतात आणि विजेचा लहान दिवा कपाळास बांधून अंधारांत चढूं लागतात. चांगला चालणारा सुमारें तीन तासांत वर जातो. थंडीच्या दिवसांत सूर्य सातच्या आसपास उगवतो. म्हणून पहांटे साडेतीनच्या सुमारास निघावें लागतें.

अंधारांतील चढण दिवसाच्या चढणीपेक्षां निराळी असते. दिवसा मनुष्यास डोंगर दिसतो; रात्रीं पायापुढचा हातभर उजेड तेवढा दिसतो. किती आलों व किती राहिलें, हें कळत नाहीं. शिडीवर एकेकानेंच चढावें लागतें, म्हणून तेथें खोळंबा होतो आणि जथा तुटतो. जो मागें पडतो त्यास आपल्या सोबत्यांचे दिवे वर वर जात बारीक होतांना दिसतात. त्यांचें बोलणें प्रथम ऐकूं येतें, पुढें नुसता आवाज येतो, आणि मग तोही येत नाहीं. डोंगर तोच, वाट तीच. परंतु सोबत असलेल्याची वाट आणि एकट्याची वाट या दोन वाटा आहेत.

आतां समजा कीं आठ मित्र मिळून निघाले आहेत. दोन तृतीयांश चढण झाली आहे. साडेपांच वाजले आहेत. इतक्यांत त्यांच्यांतील एक जण शिडीच्या पायथ्याशीं बसतो. त्याच्या पोटऱ्यांत गोळे आले आहेत आणि दम लागला आहे. त्यास विशेष आजार नाहीं. अर्धा पाऊण तास बसला तर तो पुन्हां हळूहळू चढेल, परंतु सूर्य उगवण्यापूर्वीं वर पोहोंचणार नाहीं. तो स्वतःच म्हणतो, “तुम्ही व्हा पुढें, मी येतों मागून.” बाकीच्या सातांनीं काय करावें?

पुष्कळ लोक तत्काळ उत्तर देतील कीं, त्यांनीं पुढें जावें. या म्हणण्यास आधार नाहीं असें नव्हे. ते म्हणतील, त्यानें स्वतःच मोकळीक दिली आहे. एकाच्या अशक्तपणामुळें सातांनीं कां मुकावें? प्रत्येकानें भाडें खर्चिलें आहे, रजा घेतली आहे, झोंप मोडली आहे. आणि सूर्य तर कोणासाठीं थांबत नाहीं. शिवाय ज्यास आपली शक्ति ठाऊक नव्हती त्यानें यावें कशास? हीं सर्व कारणें न्यायाच्या तागडींत घालण्याजोगीं आहेत, आणि जो उपदेशक त्यांकडे न पाहतांच स्वार्थ स्वार्थ म्हणून ओरडतो तो कोणाचें समाधान करीत नाहीं. म्हणून आपण एकेक कारण हातीं घेऊं.

प्रथम त्या मोकळीक देण्याविषयीं. थकलेला मनुष्य लाजलेला असतो. सातांच्या आनंदाआड आपण आलों हें त्यास त्याच्या पोटऱ्यांपेक्षां अधिक दुखत असतें. अशा वेळीं तो जें बोलतो त्याचे दोन अर्थ होऊं शकतात. एक, मी खरोखर स्वस्थ आहें, तुम्ही निश्चिंत जा. दुसरा, मला टाकून जाणें तुमच्या जिवावर येतें कीं नाहीं, हें पाहूं तर द्या. पंगतींत पाहुणा “पुरे, पुरे” म्हणतो, म्हणून वाढणारी लगेच पाठ फिरवीत नाहीं. ती थांबते, तोंडाकडे पाहते, एकदां आग्रह करिते, आणि कोणता “पुरे” पोटाचा व कोणता संकोचाचा हें ओळखते. अडाणी समजल्या जाणाऱ्या बाईस जें कळतें, तें सात शिकलेल्यांस कळूं नये काय? ज्यानें पुढें जाण्याची परवानगी ऐकतांच पाऊल उचललें, त्यानें परवानगी घेतली नाहीं. त्यानें निमित्त घेतलें.

दुसरें, मुकावें लागतें तें काय? याचाही हिशेब करावा. उंचावरून क्षितिज खालीं जातें, म्हणून शिखरावर सूर्य सपाट मैदानापेक्षां आधीं दिसतो. परंतु किती आधीं? कळसूबाईसारख्या उंचीवरून हा लाभ अवघा चार पांच मिनिटांचा आहे. खरा लाभ वेळेचा नसून विस्ताराचा आहे. वरून भंडारदऱ्याचें पाणी दिसतें. पश्चिमेस अलंग, मदन व कुलंग हे किल्ले दिसतात. दक्षिणेस रतनगड व हरिश्चंद्रगडाचा भाग दिसतो. अंधारांतून ही पृथ्वी हळूहळू उघडी पडते तेव्हां मनुष्याचें मन भरून येतें, आणि तो आनंद निर्दोष आहे. त्यास तुच्छ लेखावें असें आम्ही कधींही म्हणणार नाहीं. परंतु तें पाणी व ते किल्ले आठ वाजतांही तेथेंच असतात. आणि सूर्योदय उद्यां पुन्हां होतो, बारीच्या गुराख्यासही होतो व राजासही होतो. आपल्या सोबत्याचा आपल्यावरील विश्वास मात्र एकदां मावळला म्हणजे तो दुसऱ्या दिवशीं आपोआप उगवत नाहीं.

कोणी म्हणेल कीं, चार मिनिटांचा त्याग सोपा आहे. जेथें गमावावयाचें पुष्कळ असेल तेथें काय? तेंही पाहूं. एव्हरेस्ट पर्वतावर इ. स. २००६ च्या मे महिन्यांत, उत्तरेकडील वाटेवर, सुमारें साडेआठ हजार मीटर उंचीवर डेव्हिड शार्प नांवाचा इंग्रज गिर्यारोहक एकटा बसलेला आढळला. तो थंडीनें व प्राणवायूच्या अभावानें मरणोन्मुख झाला होता. त्या दिवशीं सुमारें चाळीस मनुष्यें त्याच्यावरून गेलीं असें त्या वेळीं प्रसिद्ध झालें. कांहींस तो दिसला नाहीं, कांहींस तो मेलेला वाटला, कांहींनीं थोडें साह्य करून पाहिलें. आणि इतक्या उंचीवर चालवत नसलेल्या मनुष्यास खालीं आणणें जवळजवळ अशक्य असतें, हेंही खरें आहे. म्हणून त्यांचा न्याय करण्यास आम्ही बसत नाहीं. परंतु ज्या एडमंड हिलरीनें तेनसिंग याच्यासह इ. स. १९५३ मध्यें तें शिखर प्रथम गांठलें, त्यानें म्हातारपणीं ही हकीकत ऐकून स्पष्ट सांगितलें कीं, आमच्या तुकडीनें मरत्या मनुष्यास असें टाकिलें नसतें.

त्यानंतर अकरा दिवसांनीं, त्याच वाटेवर, लिंकन हॉल नांवाचा ऑस्ट्रेलियन मनुष्य सांपडला. आदल्या संध्याकाळीं त्याच्या सोबत्यांनीं त्यास मेलेला समजून सोडिलें होतें. परंतु रात्र काढून तो जिवंत राहिला होता. डॅन मेझर व त्याचे तीन सोबती पहांटे वर चालले होते. हवा चांगली होती, शिखर जवळ आलें होतें, आणि तेथवर येण्यास त्यांस पुष्कळ द्रव्य व परिश्रम पडले होते. ते थांबले. त्यांनीं त्यास प्राणवायु दिला, खावयास प्यावयास दिलें, आणि साह्यास माणसें येईपर्यंत ते त्याच्यापाशीं राहिले. त्यांस त्या खेपेस शिखर मिळालें नाहीं. हॉल वांचला.

तेव्हां गमावावयाचें पुष्कळ असतांही थांबणारी माणसें असतात. परंतु वांचला म्हणून थांबणें योग्य ठरलें काय? न वांचता तर? याचें उत्तर के-टू नांवाच्या ८६११ मीटर उंच पर्वतावर मिळतें. इ. स. १९५३ मध्यें चार्ल्स ह्यूस्टन याची तुकडी तेथें गेली होती. तेही आठच होते. वर असतांना आर्ट गिल्की याच्या पायांत रक्त गोठलें व त्यास चालवेना. वादळ चाललें होतें. बाकीच्या सातांनीं शिखराचा विचार सोडिला आणि त्यास गुंडाळून दोरांनीं खालीं उतरवूं लागले. त्यांत एकाचा पाय घसरला, दोर एकमेकांत गुंतले, आणि कित्येक जण बर्फावरून खालीं जाऊं लागले. पीट शोनिंग यानें एकट्यानें आपल्या कुऱ्हाडीच्या व दोराच्या बळावर तें ओझें धरून ठेविलें, म्हणून ते वांचले. पुढें तंबूची जागा करून ते गिल्कीस आणावयास परत गेले, तों तो जेथें बांधून ठेविला होता तेथें नव्हता. त्यांस ना शिखर मिळालें, ना सोबती. तरी गिर्यारोहणाच्या इतिहासांत शिखर गांठलेल्या अनेकांपेक्षां या सातांचें नांव अधिक आदरानें घेतलें जातें. कारण थांबणें हें फळावरून मोजावयाचें नसतें. बरोबर निघतांना जें न बोलतां कबूल केलें तें पाळलें कीं नाहीं, यावरून तें मोजावें.

येथें आमच्या म्हणण्याचें मूळ आहे. आठ जण मिळून निघाले, म्हणजे आठ निरनिराळे मनुष्य एकाच वाटेनें चालले असें नव्हे. रात्रीच्या वाटेस कोणी एकटा सहसा निघत नाहीं; सोबत आहे या भरंवशावर तो घर सोडतो. कदाचित् त्या मागें पडलेल्यानेंही सात जण बरोबर आहेत म्हणूनच निघण्याचें धैर्य केलें असेल. ज्या भरंवशावर त्यास येथवर आणिलें, तो भरंवसा मध्येंच काढून घेणें हें शिडीवर चढलेल्याखालून शिडी काढून घेण्यासारखें आहे. सूर्योदय हा त्या आठांचा हेतु होता खरा. परंतु सोबत ही त्या हेतूची पहिली अट होती.

मग सातांनींही सूर्योदयास मुकावेंच काय? आम्ही असें म्हणत नाहीं. बलवानाच्या आनंदासही न्याय आहे. जेथें जिवास धोका नाहीं तेथें आमचें मत असें कीं, त्यास अंधारांत एकटा सोडूं नये, एवढें अढळ धरावें. कोणी एकानें त्याच्यापाशीं राहावें, आणि बाकीच्यांनीं निर्मळ मनानें पुढें जावें. कोणीं राहावें? ज्यानें हा सूर्योदय पूर्वीं पाहिला असेल त्यानें आपण होऊन राहावें. तसा कोणी नसेल तर ज्यास आनंदानें राहवेल त्यानें राहावें. आणि सातांत असा एकही न निघेल, तर साऱ्यांनींच थांबावें. कारण मग त्या जथ्यास सूर्योदयापेक्षां दुसऱ्याच एका गोष्टीची अधिक गरज आहे.

राहणाऱ्यानें कसें राहावें, हेंही सांगितलें पाहिजे. कोणी थांबतो, परंतु घटकेघटकेस घड्याळ पाहतो, सुस्कारे टाकितो, वर दिव्यांकडे डोळे लावून बसतो. असें थांबणें हें शरीरानें थांबणें आहे. त्याचें मन केव्हांच पुढें गेलें आहे, आणि खालीं बसलेल्यास तें कळतें. कोणी घरीं गेल्यावर चारचौघांत सांगतो कीं, अमक्यामुळें माझें सारें फुकट गेलें. त्यानें सोबत दिली नाहीं, उसनी दिली, आणि आतां व्याज मागतो. खऱ्या सोबत्यानें पाणी द्यावें, पाय चोळावे, इकडच्या तिकडच्या गोष्टी सांगाव्या, आणि शिडीच्या पायथ्यावरून जें उजाडतांना दिसेल तें त्याच्याबरोबर पाहावें. सूर्य दिसण्यापूर्वीं तासभर तरी आकाश बदलूं लागतें. तें पाहण्यास शिखर लागत नाहीं.

परंतु मागें पडणाऱ्याचेंही कर्तव्य आहे. त्यानें निघतांनाच आपली शक्ति खरी सांगावी. पायांत गोळा येऊं लागला तेव्हांच बोलावें, कोलमडून पडेपर्यंत मानासाठीं लपवूं नये. आणि दुसरे आपल्यासाठीं थांबतात हें पाहून दुबळेपणाचाच रुबाब करूं नये. अशक्तपणासही एक प्रकारचा गर्व असतो. तो म्हणतो कीं, साऱ्यांनीं माझ्याच पावलानें चाललें पाहिजे. ज्यास सोबत मिळाली त्यानें शक्य होतांच उठावें, आणि पुढें गेलेल्यांचा आनंद ऐकतांना तोंड आंबट करूं नये.

शहाणे लोक तर हा प्रसंगच येऊं देत नाहींत. ते मंदाच्या हिशेबानें तासभर आधीं निघतात. मंद चालणाऱ्यास पुढें घालितात, म्हणजे तोच सर्वांची चाल ठरवितो. त्याचें ओझें वांटून घेतात. वाट जाणणारा एक पुढें व एक अगदीं शेवटीं ठेवितात, आणि त्या शेवटच्याच्या मागें कोणासही राहूं देत नाहींत. आमच्या खेड्यांतल्या बायांस हें शिकविण्याची गरज नाहीं. खुरपणीस बाया ओळीनें बसतात, प्रत्येकीची पात ठरलेली असते. जिचा हात चपळ ती आपली पात संपवून बांधावर बसून राहत नाहीं; ती वळते आणि मागें राहिलेलीच्या पातेस समोरून हात लाविते. दोघी मध्यें भेटतात आणि मग सर्व जणी बरोबर उठतात. कोणीं कोणावर उपकार केला असें तेथें कोणी म्हणत नाहीं.

बंधूंनो व भगिनींनो, तुमच्यांत पुष्कळ जण कोणा ना कोणाचे वाटाडे आहेत. कोणी मुलांचा वर्ग चालवितो, कोणी प्रौढांस अक्षरें शिकवितो, कोणी मंडळीचें काम पाहतो. वर्गांत चार हुशार मुलें भरभर वाचूं लागलीं म्हणजे शिक्षकास आनंद होतो, आणि शेवटच्या रांगेंतील एक मुलगा “मला आलें” असें खोटेंच म्हणून पुस्तकांत मान घालितो. तो तेथें “तुम्ही व्हा पुढें” म्हणत आहे. त्याचें तें म्हणणें तुम्ही कसें ऐकतां, यावर त्याचें शिकणें व न शिकणें अवलंबून आहे. पुढच्यांस मागें ओढूं नका, त्यांस चालूं द्या. परंतु त्याच्यापाशीं कोणी तरी बसेल असें करा. निघतांना आपण किती जण होतों हें मोजून ठेवावें, आणि प्रत्येक वळणावर थांबून पुन्हां मोजावें.